थप्पी लावण्याआधी

पोरी, खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीत तू तयार मालाचं गोदाम आणि डिस्पॅच सांभाळणार, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, गोदाम भिवंडीकडे आणि घर कल्याणला, या तीन टोकांतच माझी सगळी नोकरी गेली. म्हणून कामावर कुणी बसवून सांगत नाही ते लिहून पाठवतोय. वाचून झालं की कागद गोदामातल्या टेबलाच्या खणात ठेव, लागेल.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कानाशी येऊन सांगेल, ‘मॅडम, पोरं चुकीचा माल काढतात, त्यांच्यावर नजर ठेवा.’ ऐकून घे, पण सुरुवात तिथून करू नकोस. चुकीचा खोका उचलला जातो तेव्हा ती चूक बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेली असते. दोन सारखे खोके शेजारी लावले तेव्हा झालेली असते, लेबल भिंतीकडच्या बाजूला गेलं तेव्हा झालेली असते, किंवा पॅकिंगच्या टेबलावर सहा नंबरच्या बॅटवर पाच नंबरचं स्टिकर बसलं तेव्हा. पोरगा फक्त शेवटचा हात लावतो आणि बोलणी खातो. त्याला रागावून उद्याची चूक टळत नाही. जागा आणि लेबल नीट केलंस की टळते. माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे.

आपला माल फसवा असतो हे आधी समजून घे. साबणाच्या गोदामात लाल वडी आणि हिरवी वडी लांबून ओळखू येते. इथे लहान मुलांच्या बॅटा एक ते सहा नंबर, मग हॅरो, मग मोठ्यांची बॅट, त्यात काश्मीर विलो वेगळी आणि इंग्लिश विलो वेगळी. सगळ्या एकाच छापाच्या कव्हरात, आणि लांबीत फरक बोटभर. फुटबॉल तीन, चार आणि पाच नंबरचा, हवा काढून पिशवीत भरला की तिन्ही सारखेच चपटे. नायलॉनच्या शटलकॉकच्या नळ्या एका रंगाच्या, फरक फक्त बुचाभोवतीच्या पट्टीत: हिरवी पट्टी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. उकाड्यात शटल जास्त लांब जातं म्हणून आपल्याकडे लालला मागणी कमी, थंड प्रदेशात ती जास्त. ठाण्याच्या क्लबला लाल पट्टीच्या नळ्या गेल्या तर प्रत्येक फटका कोर्टाबाहेर, आणि दुकानदाराला कळतही नाही की घोळ कुठे झाला.

म्हणून पहिला मंत्र: ज्या दोन वस्तूंत गफलत होऊ शकते त्या शेजारी ठेवायच्या नाहीत. पाच नंबरच्या बॅटेच्या बाजूच्या खणात सहा नंबर नको, तिथे यष्ट्यांचे सेट ठेव. त्याच्या पलीकडे ग्लोव्हज, मग सहा नंबर. यावर ऑफिसातले लोक नाराज होतील. त्यांना क्रिकेट एका रांगेत, फुटबॉल दुसऱ्या रांगेत, नंबरवार असं सुबक हवं असतं. ती मांडणी दुकानाला शोभते, कारण तिथे गिऱ्हाईक बघत बघत निवडतं. गोदामात कुणी निवडायला येत नाही. तिथे पोरगा कागदावरचा किंवा स्कॅनरवरचा पत्ता वाचून जातो आणि समोर दिसेल ते उचलतो. समोर एकच गोष्ट दिसली पाहिजे.

दुसरं, चालणं वाचव. पिकिंगमध्ये, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे माल काढताना, उचलायला वेळ लागत नाही, तो जातो जागेपर्यंत पोचण्यात. एकदा दिवसभर एका पोराच्या मागे नुसती फीर. काही बोलू नकोस, फक्त तो कुठे मागे वळतो, कुठे थांबून शोधतो, कुठे शिडी आणायला जातो, ते टिपून ठेव. बहुतेक ठिकाणी दिसेल की पिकलिस्ट मालाच्या नावाच्या क्रमाने छापलेली आहे, आणि तो बिचारा पहिल्या गल्लीतून नवव्या गल्लीत आणि परत दुसऱ्या गल्लीत पळतोय. संगणकवाल्याला सांगून यादी जागेच्या क्रमाने छापून घे. एका गल्लीतून आत जायचं, पुढच्या गल्लीतून बाहेर यायचं, मागे वळायचं नाही. या एका बदलाला दमडी लागत नाही. हे जमलं की लहान दुकानांच्या पाच-सहा ऑर्डरी एकाच फेरीत काढायला सुरुवात कर. ट्रॉलीवर प्रत्येक ऑर्डरीचा वेगळा क्रेट, क्रेटला त्या ऑर्डरीचा बारकोड. तुकडा क्रेटमध्ये टाकताना क्रेटही स्कॅन करायचा, नाहीतर बदलापूरचा माल बदलापूर सोडून सगळीकडे जातो.

जोरात चालणारा माल कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत. वजनाच्या प्लेटा आणि डंबेल सगळ्यात खाली, कधीही वर नाही. पण जोरात काय चालतं ते वर्षभर सारखं नसतं, आणि इथेच खेळाच्या सामानाची खरी गंमत आहे. मार्चपासून मेपर्यंत बॅटा, टेनिस बॉल आणि यष्ट्या. जून उजाडला की फुटबॉल. पण मुंबई-ठाण्यात पावसाळा आला म्हणून क्रिकेटचा माल मागच्या गल्लीत ढकलू नकोस. क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून पावसातच खेळली जाते, आणि तिच्या जोरावर दुकानांतून बॉल आणि ग्रिप उठत राहतात. दिवाळी झाली की शाळांची क्रीडा संमेलनं, तेव्हा लेझीम, रिले बॅटन, गोळाफेकीचे गोळे, रस्सीखेचीचे दोर. हंगाम लागायच्या पंधरा-वीस दिवस आधी खणांची अदलाबदल उरकून घे. हंगाम डोक्यावर आल्यावर रॅक हलवायला घेतलंस तर आगीतून फुफाट्यात.

आता जागेचा पत्ता. गल्ली, रॅक, मजला, खण, असा चार भागांचा पत्ता पुरतो. अक्षरं वापरायची तर बी, डी, पी, टी एकत्र नकोत, पंख्याच्या आवाजात सगळी सारखीच ऐकू येतात. इंग्रजी ओ आणि आय कधीच नको, ती शून्य आणि एक म्हणून वाचली जातात. आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडे होते, ती नीट बघ. रॅकवर खडूने किंवा मार्करने हाती नंबर घातलेले असतात. मराठी लिहिणाऱ्याचा १ इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ दिसतो, आपला ४ त्याला आठ वाटतो, आणि ७ घाईत लिहिला की सहाचा भास होतो. शहापूर-मुरबाडकडची पोरं, उत्तर प्रदेश-बिहारची पोरं आणि कॉलेज करून आलेली मुलगी एकाच गल्लीत काम करतात, आणि प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळी सवय असते. हाती लिहिलेला प्रत्येक नंबर पुसून टाक. सगळीकडे एकाच लिपीतले छापील आकडे, तळव्याएवढे मोठे, आणि खाली त्या जागेचा बारकोड. वरच्या मजल्यांचे बारकोड वर लावून उपयोग नाही, स्कॅनर पोचत नाही. ते डोळ्यांच्या उंचीवर एकाखाली एक लाव, प्रत्येक मजल्याला वेगळा रंग दे आणि बाण काढ. आधी जागा स्कॅन, मग माल स्कॅन. हा क्रम कुणालाही, अगदी मालकाच्या मेव्हण्यालाही, मोडू देऊ नकोस.

बारकोडाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक त्याला देव समजतात. तुकड्यावरचा तेरा अंकी बारकोड मुळात दुकानाच्या गल्ल्यासाठी जन्मला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय इथे च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा काउंटरवर स्कॅन झालं, ते बिल लवकर व्हावं म्हणून. त्या रेघांना एवढंच ठाऊक असतं की ही अमुक वस्तू आहे. ती कुठल्या लॉटची, खोक्यात किती, कधी भरली, यातलं काही त्यांत नसतं. आपल्या मालावर सुरुवातीला ८९० येतं, त्याचा अर्थही ‘भारतात बनलेलं’ असा नाही. नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, एवढाच.

तेरावा अंक मात्र समजून घे, कामाला येतो. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक धर. पहिल्यापासून एकाआड एक घेतले की ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, तिला तिनाने गुणलं की १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. इथे कमी काहीच नाही म्हणून शून्य. स्कॅनर बंद पडला आणि नंबर हाताने टाकताना एखादा अंक चुकला तर हा हिशेब जुळत नाही आणि संगणक नंबर घेत नाही. पण सहा नंबरच्या बॅटेवर पाच नंबरच्या बॅटेचा अगदी बिनचूक बारकोड लावलेला असेल, तर जगातलं कुठलंही मशिन ओरडणार नाही. ‘बीप’ वाजला म्हणजे नंबर बरोबर वाचला गेला. आतली वस्तू बरोबर आहे की नाही, ते फक्त पॅकिंगच्या टेबलावर ठरतं.

म्हणून लेबल छापायची पद्धत बदल. सकाळी ढीगभर लेबलं छापून टेबलावर रोल ठेवून देतात ना, तिथेच सगळं बिघडतं. एका टेबलावर एका वेळी एकच माल आणि त्याचाच रोल. नंबर बदलला की उरलेली लेबलं मोजून परत किंवा फाडून टाक, मगच पुढचा रोल. शंभर बॅटा भरल्या आणि चार लेबलं शिल्लक राहिली, तर चार बॅटा बिनलेबलच्या कुठेतरी आहेत किंवा छपाई जास्त झाली. यातलं काय झालं ते कळल्याशिवाय रोल हलू देऊ नकोस.

लेबल कुठे लावायचं हे प्रत्येक वस्तूचं वेगळं. बॅटेच्या पात्यावर कधीच नाही, गोंद विलोवर डाग ठेवतो. कव्हरवर, मुठीच्या बाजूला लाव, कारण बॅटा खणात आडव्या घातल्या की बाहेर मूठच दिसते. कॅरम बोर्ड थप्पीत उभे राहतात, पाठीला पोट लावून. लेबल बोर्डाच्या पाठीवर असेल तर वाचायला प्रत्येक बोर्ड ओढून काढावा लागतो आणि कोपरे फुटतात. ते खोक्याच्या अरुंद कडेवर हवं, डोळ्यांसमोर येईल असं. रबरी प्लेटांवर स्टिकर टिकत नाही, तिथे दोरीचा टॅग. शटलच्या नळीवर लेबल आडवं गुंडाळलं की रेघा गोलाईवर वळतात, कडेच्या रेघा स्कॅनरला दिसतच नाहीत. नळी उभी धरल्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आल्या पाहिजेत, मग प्रत्येक रेघेचा मधला भाग तरी समोर राहतो.

नळ्यांचीच आणखी एक भानगड. सहा नळ्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बांधून त्यावर सहाच्या गठ्ठ्याचं लेबल लावतात. स्कॅनरला आतल्या नळीचा बारकोड आधी सापडतो, तो तेवढाच वाचून खूश होतो. संगणकात एक नळी गेली, टेम्पोत सहा गेल्या. मग वर्षअखेरीला सगळे एकमेकांकडे चोर म्हणून बघतात. गठ्ठा बांधताना आतले बारकोड झाकले गेलेच पाहिजेत. पुठ्ठ्याची पट्टी घाल, छापील प्लॅस्टिक वापर, काहीही कर.

डिझाइन करणाऱ्यांशी तुझी खडाजंगी होणार, आत्ताच सांगून ठेवतो. खेळाचं पॅकिंग भडक असतं. त्यांना पांढऱ्यावर लाल रेघा सुंदर दिसतात. साध्या स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ पांढरीच दिसते, म्हणजे त्याच्यापुढे कोरा कागद. चांदीच्या वर्खावरही तो गडबडतो. काळ्या रेघा पांढऱ्यावर, हट्टाने. आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी. तेरा अंकी कोड पूर्ण आकारात छापला तर डावीकडे साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त आणि उजवीकडे सव्वादोनच्या वर. तिथे कंपनीचा लोगो सरकवला की वाचन गेलं.

खोक्यासाठी वेगळा चौदा अंकी कोड वापर, आयटीएफ-१४. त्याच्या रेघा जाड असतात, नालीदार पुठ्ठ्यावरही नीट उठतात. भोवतीची काळी चौकट शोभेची नाही, अर्धवट वाचन होऊ नये म्हणून असते, ती कापू देऊ नकोस. खोक्याच्या तळापासून ३२ मिलिमीटर वर आणि उभ्या कडेपासून किमान १९ मिलिमीटर आत, असा जगभरचा रिवाज आहे. आपल्या हमालांचे हात कुठे पडतात आणि टेप कुठून जाते हे पाहिलंस की तो का पडला ते कळेल. लगतच्या दोन बाजूंना लेबल लाव, म्हणजे खोका कसाही फिरला तरी एक दिसतं. आत किती नग आणि कुठला लॉट हे मात्र माणसाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत हवंच. वीज गेली तरी भरती थांबता कामा नये.

प्रिंटरमध्ये रिबनवाली छपाई घे. बिनरिबनचा उष्णतेने काळा होणारा कागद कुरिअरच्या चिठ्ठीला ठीक, ती चार दिवसांत फाडून टाकायची असते. आपला माल पत्र्याच्या शेडखाली अख्खा मे महिना काढतो, तो कागद तिथे करडा पडतो. रिबनचा रोल बदलताना दर वेळी छपाईचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुस. छापलेल्या लेबलात वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ दिसली, तर हेडमधला एक ठिपका गेलाय. कोडाच्या रेघा त्याच दिशेने असतील तर एखादी रेघ अख्खी गायब होते. ते लेबल डोळ्याला नवंकोरं दिसतं आणि दुकानात वाचत नाही.

किमतीचं स्टिकर हा वेगळा विषय, आणि त्यात कायदा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅट-बॉल, कॅरम अशा बऱ्याच सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. अशा वेळी गोदामात जुन्या किमतीचा आणि नव्या किमतीचा माल एकत्र येतो, आणि दोघांचा बारकोड एकच असतो. स्कॅनरला त्यांत काडीचा फरक कळत नाही. वेगळे खण, वेगळा लॉट नंबर, हाच उपाय. कमी केलेल्या किमतीचं स्टिकर लावलं तरी मूळ छापील एमआरपी झाकायची नाही, पॅकबंद वस्तूंच्या नियमांत ते स्पष्ट आहे. घाईत पोरं बरोबर तिच्यावरच चिकटवतात. त्यांना जागा आखून दे. पुठ्ठ्याचा एक साचा कापून दिलास तरी पुरे.

भिवंडीचं म्हणशील, तर ही गोदामं मुंबईच्या जकात नाक्याबाहेर, नाशिक महामार्गाला लागून वाढली. जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, पण गोदामं हलली नाहीत, उलट वाढली. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ हा सगळा भाग खाडीपासून लांब नाही. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी या पट्ट्यात पाहिलाय ते तळाचा खण वापरताना आजही दोनदा विचार करतात. जूनच्या आधी सगळा माल पॅलेटवर चढव, कॅरम बोर्ड आणि बॅटा भिंतीपासून हातभर लांब. दमट हवेत खोक्यावरची लेबलं कोपऱ्यातून सुटतात. लेबल लावण्याआधी पुठ्ठा कोरड्या फडक्याने पुसायचा आणि लावल्यावर तळहाताने दाबायचं, एवढ्यानेही फरक पडतो.

गाड्यांची वेळ डोक्यात ठेवून पिकिंग लाव. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, माणकोली आणि अंजूरफाट्याला कोंडी पाचवीला पुजलेली. त्यामुळे ऑर्डर आधी कुणाची आली, यापेक्षा गाडी आधी कुठली सुटते हे महत्त्वाचं. नाशिककडची गाडी लवकर निघणार असेल तर तिचा माल आदल्या संध्याकाळी काढून दाराशी मोकळ्या जागेत लावून ठेव. गाडीत शेवटच्या दुकानाचा माल आधी भरायचा. भरती करणारी माथाडी टोळी वेगळी असते, त्यांचं काम १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळामार्फत चालतं. मुकादमाशी आदराने बोल, वेळ आधी ठरव आणि स्कॅनिंगची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालू नकोस. खोका दाराबाहेर जाताना आपल्याच माणसाने स्कॅन करायचा. त्या माणसाचं दुसरं काही काम नको, फोनसुद्धा नको.

परत आलेला माल थेट रॅकवर जाऊ देऊ नकोस. दुकानदार बॅटा दाखवायला काढतो आणि घाईत दुसऱ्याच कव्हरात घालतो. कव्हरावरचा बारकोड एक, आत बॅट दुसरी. प्रत्येक परत आलेली वस्तू उघडून, मापून, नवं लेबल लावूनच आत घ्यायची. ३१ मार्चला गोदाम बंद करून रात्रभर मोजणी करायची चालही सोडून दे. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी थोडे खण मोज. पिकिंग करताना एखादा खण रिकामा झाला की पोराने तो ‘रिकामा’ म्हणून स्कॅन करावा. संगणकात तिथे तीन नग दिसत असतील, तर ते तीन कुठे गेले याचा माग त्याच दुपारी लागतो, मार्चमध्ये लागत नाही.

चुकांची वही ठेव, पण तीत पोरांची नावं लिहू नकोस. कुठला माल, कुठला खण, कुठल्या टेबलाचं लेबल, एवढंच. महिनाभराने वही उघडलीस की तेच चार-पाच खण पुन्हा पुन्हा दिसतील. त्या जागा बदल. ज्या दिवशी एखादा पोरगा स्वतःहून येऊन म्हणेल, ‘मॅडम, ह्या दोन पिशव्या सारख्या दिसतात, मी चुकणार होतो,’ त्या दिवशी हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर त्या गल्लीत जा. त्याच्यादेखत माल हलव, तो सांगेल तिथे.

मे महिना संपायच्या आत एकदा मला गोदाम दाखव. डोंबिवलीहून माणकोली-मोठागाव पुलावरून येईन. मी येण्याआधी पंधरा-वीस तयार लेबलं प्रत्येक टेबलावरून काढून ठेव आणि एक जुना, काच घासलेला स्कॅनर शोधून ठेव. नव्या स्कॅनरवर सगळंच वाचतं. दुकानदाराकडे तसलाच जुना असतो, त्यावर तपासू.